हॅड्रियनच्या भिंतीलगत १३५ किलोमीटर: तयारी कशाची आणि किती

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातलं पन्नाशी ओलांडलेलं जोडपं, सह्याद्रीतले वीस-पंचवीस किल्ले पाहिलेले, पुढच्या जूनमध्ये उत्तर इंग्लंडमधल्या हॅड्रियनच्या भिंतीची वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची आहे. किती दिवस धरावेत, सराव कसा करावा, बूट कोणते घ्यावेत, शाकाहारी जेवणाचं काय, आणि माणसं नेमकी कुठे फसतात?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. गड चढायचा दम इथे फारसा कामाला येत नाही. या वाटेवरची सगळ्यात उंच जागा विनशील्ड्स क्रॅग्ज, समुद्रसपाटीपासून ३४५ मीटर. सिंहगड चढणाऱ्याला ही उंची काहीच वाटणार नाही. पण गडावर आपण एक दिवस जातो, संध्याकाळी घरी येतो, पाय गरम पाण्यात ठेवतो आणि पुढचा आठवडा खुर्चीत काढतो. इथे आज २४ किलोमीटर, उद्या २४, परवा १९, आणि तेही ओल्या बुटांत. अर्ध्यात चालणं सोडणाऱ्यांचा दम सहसा संपलेला नसतो, त्यांचे तळपाय सोलवटलेले असतात. म्हणून तयारी पायांची करायची आणि मुक्कामांचं गणित नीट मांडायचं. बाकी सगळं त्यानंतर.

वाटेची ओळख करून घेऊ. रोमन सम्राट हॅड्रियन याने इसवी सन १२२ मध्ये ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीवर ही भिंत बांधायला घेतली. लांबी ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर. दर रोमन मैलाला एक चौकी, जिला माइलकॅसल म्हणतात, आणि दोन चौक्यांच्या मध्ये दोन बुरूज. चौक्यांना अभ्यासकांनी पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रमांक दिले आहेत. आजची पायवाट २००३ मध्ये खुली झाली. पूर्वेला वॉल्सएंड, पश्चिमेला बोनेस-ऑन-सॉल्वे, अंतर ८४ मैल म्हणजे १३५ किलोमीटर. खुणेसाठी सगळीकडे ओकच्या फळाचं, एकॉर्नचं, चिन्ह आहे.

दिशा कोणती घ्यावी, यावर मतं दोन आहेत. वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेला निघालात तर तो पाठीशी राहतो. तरीही पूर्वेकडून पश्चिमेला जावं असंच सुचवेन. शहर पहिल्याच दिवशी मागे पडतं, चौक्यांचे आकडे चढत्या क्रमाने येतात, आणि शेवट न्यूकॅसलच्या उपनगरात होण्याऐवजी सॉल्वेच्या खाडीवर होतो.

छापील नियोजन सहा दिवसांचं असतं: १५, १५, १२, १६, ११ आणि १५ मैल. पन्नाशीच्या पुढच्या माणसाने हे सहा दिवसांत करू नये. जमत नाही म्हणून नव्हे, पाहायचं राहून जातं म्हणून. सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात अवघड भाग मधल्या दोन दिवसांत आहे आणि घाई नेमकी तिथेच होते. सात दिवस चाल आणि मध्ये एक दिवस मुक्काम, असे आठ दिवस धरा. पहिला दिवस वॉल्सएंड ते हेडन-ऑन-द-वॉल, २४ किलोमीटर. दुसरा हेडन ते चॉलरफर्ड, २४. तिसरा चॉलरफर्ड ते वन्स ब्रूड, १९. चौथा दिवस तिथेच मुक्काम आणि व्हिंडोलांडाचं रोमन ठाणं. पाचवा वन्स ब्रूड ते गिल्सलंड, सुमारे १४. सहावा गिल्सलंड ते वॉल्टन, सुमारे १२. सातवा वॉल्टन ते कार्लाइल, १८. आठवा कार्लाइल ते बोनेस, २४. पहिला दिवस जड वाटत असेल तर विमानाने पोहोचलात त्याच दुपारी वॉल्सएंडपासून न्यूकॅसलच्या धक्क्यापर्यंतचे आठेक किलोमीटर उरकून घ्या. दुसऱ्या दिवशी उरलेलं सोपं जातं.

हे आकडे वाटेचे आहेत, खोलीच्या दारापर्यंतचे नाहीत. राहायच्या जागा बऱ्याचदा वाटेपासून एक ते तीन किलोमीटर बाजूला असतात. खोली ठरवतानाच हे अंतर विचारा आणि दिवसाच्या बेरजेत धरा. काही घरमालक ठरलेल्या ठिकाणाहून गाडीने घेऊनही जातात. खोल्या पहिल्या मुक्कामापासून क्रमाने ठरवत जाऊ नका. वन्स ब्रूड आणि गिल्सलंडच्या आसपास जागा मोजक्या आहेत आणि त्या आधी भरतात. आधी हा मधला भाग पक्का करा, मग दोन्ही बाजूंना सरका. जूनसाठी जानेवारीत सुरुवात केली तर निवड करता येते. उघड्यावर तंबू ठोकायचा विचार सोडून द्या. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय ते तिथे चालत नाही, आणि या वाटेवर तर तंबूची खुंटी थेट पुरातत्त्वाच्या थरात शिरते.

आता पाय.

पहिल्या दिवसाचा बराचसा भाग टाइन नदीच्या काठाने डांबरी सायकलमार्गावरून जातो. डोंगरासाठीचे जड, टणक तळाचे बूट या डांबरावर तळपाय भाजून काढतात. आणि तिसऱ्या दिवशी ओल्या गवतावर, चिखलात आणि काळ्या दगडावर पकड लागते, तिथे शहरी धावण्याचे बूट घसरतात. दोन्हीला पुरे पडतील असे हलके, खोल नक्षीच्या तळाचे ट्रेल बूट घ्या. घोटा पूर्वी मुरगळलेला असेल तर घोट्यापर्यंतचे, पण हलकेच. खरेदी संध्याकाळी करा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. चालायचे मोजे घालून, उतारावर उभं राहिल्यासारखा पाय पुढे ढकलून, सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरते का ते बघा. उरली नाही तर दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं नख काळं पडणार हे धरूनच चाला. निघण्याआधी हे बूट किमान ८० ते १०० किलोमीटर चाललेले हवेत.

पाणी आत न येऊ देणाऱ्या पडद्याचे बूट घ्यावेत का? जूनमध्ये गरज नाही. गुडघ्याएवढ्या ओल्या गवतातून चालताना पाणी वरून, मोज्यातून उतरतं, आणि एकदा आत गेलं की असा बूट सकाळपर्यंत वाळत नाही. जाळीदार बूट भिजतो लवकर, पण रात्री आतलं अस्तर काढून वर्तमानपत्राचे बोळे भरले आणि तासाभराने ते बदलले, तर सकाळी बऱ्यापैकी कोरडा मिळतो. ऑक्टोबरात जात असाल तर हे उलटं, तेव्हा पडद्याचेच घ्या.

मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी मऊ पडते, आणि बुटाच्या आत पाय प्रत्येक पावलाला मिलिमीटरभर सरकत राहिला की कातडीचा वरचा थर खालच्यापासून सुटतो. फोड येतो तो असा. लोकरमिश्रित मोज्यांचे तीन जोड न्या आणि दुपारच्या जेवणाला जोड बदला. टाच किंवा बोट चुरचुरायला लागलं की 'पुढच्या गावात बघू' म्हणू नका. तिथेच बसा, बूट काढा, कातडी कोरडी करा आणि चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा. ही पाच मिनिटं पुढचे तीन दिवस वाचवतात. लहान फोड फोडू नका. मोठा आणि ठणकणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा, पट्टी बांधा. मधुमेह असेल तर हे स्वतः करू नका, डॉक्टर गाठा. नखं निघण्याच्या तीन-चार दिवस आधी सरळ रेषेत कापा.

दोन हजार वर्षांपूर्वी इथे पहारा करणाऱ्यांचीही अडचण हीच होती. व्हिंडोलांडाच्या ठाण्यात १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडत आली आहेत. त्यातल्या एका तुकड्यात मोजे, सँडलचे दोन जोड आणि चड्ड्यांचे दोन जोड पाठवल्याचा मजकूर आहे. मुक्कामाचा दिवस इथेच घालवा. चामड्याच्या जोड्यांचं दालन पाहताना टाच कुठे झिजली आहे ते दिसतं, आणि त्या माणसाची चाल डोळ्यांपुढे उभी राहते.

सराव बारा आठवड्यांचा करा. पहिले चार आठवडे आठवड्यातून तीनदा सहा ते आठ किलोमीटर आणि रविवारी १२. पुढचे चार आठवडे रविवार १८ पर्यंत न्या. नवव्या ते अकराव्या आठवड्यात शनिवार-रविवार सलग २०-२० करा, आणि एकदा तरी जोडून सुट्टी काढून सलग तीन दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा बोलतो हे कळणं, हा या सरावाचा खरा उपयोग. शेवटचे दहा दिवस निम्म्यावर या. मधल्या दिवसांच्या चढउतारांसाठी कात्रज-सिंहगड टेकड्यांची रांग फार उत्तम: चढ, उतार, परत चढ, आणि प्रत्येक उतारावर गुडघ्याची परीक्षा. पण फक्त टेकड्या करू नका. निम्मा सराव डांबरावर करा, कारण पहिला आणि शेवटचा दिवस तिथे जातो. तुमचा सराव मार्च ते मे असा भर उन्हाळ्यात येईल, म्हणून पहाटे निघा, आणि एक-दोनदा मुद्दाम बूट भिजवून दहा किलोमीटर चाला.

मधला भाग ज्या काळ्या कड्यावरून जातो त्याला व्हिन सिल म्हणतात. दगड डोलेराइट आहे, आपल्या बसॉल्टचा सख्खा भाऊ. लाव्हारस जमिनीखाली सावकाश थंड झाल्याने कण जरा मोठे, एवढाच फरक. श्रावणात गडाच्या पायऱ्या पार केलेल्या माणसाला हा ओला दगड कसा वागतो हे सांगायला नको. सूइंगशील्ड्सपासून हाउसस्टेड्स, हायशील्ड क्रॅग्ज, पील गॅप, विनशील्ड्स आणि पुढे वॉलटाउनपर्यंत वाट खाली खिंडीत उतरते आणि लगेच वर चढते. सपाटीवर तासाला चार किलोमीटर पडत असतील तर इथे अडीच ते तीन धरा. चॉलरफर्ड ते वन्स ब्रूड हे १९ किलोमीटर हाउसस्टेड्सचं ठाणं पाहून सात-आठ तास घेतात. सिकॅमोर गॅपचं ते प्रसिद्ध झाड आता नाही, सप्टेंबर २०२३ मध्ये दोन माणसांनी रात्रीत कापून टाकलं. बुंध्याला धुमारे फुटले आहेत. त्यांना हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी मात्र भिंत फारशी दिसणार नाही, आणि बरेच जण हिरमुसतात. कारण माहीत असलं की तोच दिवस रंगतो. १७४५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर आणू पाहणाऱ्यांच्या उठावात, न्यूकॅसलहून कार्लाइलला सैन्य हलवायला धड रस्ता नव्हता. म्हणून १७५० च्या दशकात लष्करी रस्ता बांधला, तो लांबलांब पट्ट्यांत भिंत पाडून, तिच्याच पायावर. आजचा बी ६३१८ क्रमांकाचा रस्ता तोच. त्याच्या उत्तरेला भिंतीपुढचा खंदक आणि दक्षिणेला व्हॅलम नावाचा दुसरा चर बघत चाला, दोन्ही ठळक आहेत. चॉलरफर्डच्या अलीकडे प्लेनट्रीज इथे भिंतीचा छोटा तुकडा उरला आहे. १८०१ मध्ये विल्यम हटन नावाचे ७८ वर्षांचे गृहस्थ बर्मिंगहॅमहून पायी इथे आले, तेव्हा दगडांसाठी ती भिंत फोडणं चालू होतं. त्यांच्या विनवणीमुळे हा तुकडा वाचला. नीट पाहिलंत तर रुंद पाया आणि त्यावर अचानक अरुंद झालेली भिंत दिसते. काम चालू असतानाच जाडी कमी करायचं ठरलं, त्याची ही खूण. हा रस्ता ओलांडताना फार जपा. तो सरळ आहे पण चढउतारांचा, आणि गाड्या चढाच्या पलीकडून वेगाने वर येतात.

जमिनीबद्दल एक विनंती. भिंत जेवढी वर दिसते त्याहून जास्त गवताखाली आहे: पाया, चर, चौक्यांच्या फरश्या. वाट मुद्दाम गवताची ठेवली आहे, कारण गवत हेच त्या थराचं छप्पर आहे. एकामागे एक चाललात की घळ पडते, पाऊस ती धुऊन नेतो, आणि मग रोमन दगड उघडा पडतो. म्हणून मोकळ्या कुरणात शेजारी-शेजारी चाला. काठ्यांना रबरी टोपण घाला आणि एक जादा ठेवा, चिखलात ते निघून जातं. भिंतीवर चढू नका. ती दोन्ही बाजूंना घडीव दगड आणि आत भराव अशी आहे. वरचा एक दगड हलला की पाणी आत जातं, आणि हिवाळ्यात गोठून फुगलं की बाजू ढासळते. वाटेवरच्या ठिकाणी शिक्के मारून घ्यायची पुस्तिका, जिला पासपोर्ट म्हणतात, ती असते १ मे ते ३१ ऑक्टोबर याच काळासाठी, तेही याच कारणाने: हिवाळ्यात जमीन भिजून मऊ असते, तेव्हा लोकांनी पूर्ण वाट चालू नये. शिक्के काही ठिकाणी इमारतीच्या आत असतात, उघडण्याच्या वेळा पाहून ठेवा.

पाठीवर २५-३० लिटरची पिशवी आणि पाच-सहा किलोंपेक्षा जास्त वजन नको. मोठी बॅग रोज पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या सेवा आहेत. वजनाची मर्यादा आधी विचारा. जूनमध्ये दुपारी १७-१८ अंश असतात, पण कड्यावर वारा आणि पाऊस एकदम आला तर हात बधिर होतात. पातळ हातमोजे, कानटोपी, टोपीचं पाऊसजाकीट आणि पावसाची विजार रोज जवळ हवीच. आपला प्लॅस्टिकचा रेनकोट आतून घामाने भिजवतो आणि वाऱ्यात फडफडतो. छत्री तर उघडूच नका.

नकाशासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेचा ओएल ४३ क्रमांकाचा नकाशा मधल्या भागाला पुरतो. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून घ्या, कड्यांमधल्या खिंडीत रेंज जाते. अपघात झाला तर ९९९, आधी पोलीस मागायचे आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू. शिट्टीची खूण म्हणजे मिनिटाला सहा फुंका, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

कुरणांत गाई असतात. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. फाटक जसं होतं तसंच ठेवून पुढे जा. संध्याकाळी गुडघ्यामागे आणि मोज्यांच्या कडेला गोचीड बघा. दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.

शाकाहारी जेवण पबमध्ये मिळतं, पण स्वयंपाकघर रात्री आठ-साडेआठला बंद होतं, आणि मधल्या भागात दुसरा पर्यायच नसतो. खोली ठरवतानाच शाकाहार कळवा आणि दुपारचा डबा सांगून ठेवा. भारतातून दुधा-तुपाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, म्हणून बेसनाचे लाडू घरीच राहू द्या. चिक्की, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे चालतात. ओढ्याचं पाणी पिऊ नका, वर मेंढ्या चरतात. दीड-दोन लिटर पाणी सकाळीच भरा. वाटेवर काही घरांबाहेर पेयं आणि बिस्किटं ठेवलेली असतात, पैसे डब्यात टाकायचे. त्यासाठी नाणी जवळ हवीत.

शेंगेनचा व्हिसा इथे चालत नाही. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी मागता येतो, म्हणजे खोल्या त्याआधीच ठरलेल्या असतात. रद्द करता येतील अशाच घ्या. विमा घेताना बहुदिवसीय पदभ्रमण त्यात धरलं आहे का, ते लेखी विचारा. मुंबईहून दुबईमार्गे न्यूकॅसल किंवा लंडनहून रेल्वेने साधारण तीन तास. मध्येच पाय दुखावला तर घाबरू नका. वाटेच्या दक्षिणेला न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वे जवळजवळ समांतर धावते, हेक्सम आणि हॉल्टविसल ही स्थानकं जवळची. मोसमात एडी १२२ नावाची बसही असते. एक टप्पा बसने गाळून पुढे चालणं अगदी रास्त आहे.

शेवटच्या दिवसाला वेगळं गणित लागतं. बर्ग बाय सँड्स सोडल्यावर डायक्सफील्ड ते ड्रमबर्ग हा रस्ता सॉल्वेच्या खाजणातून सरळ जातो आणि उधाणाच्या भरतीत पाण्याखाली जातो. (दोन्ही गावांच्या नावातल्या 'बर्ग'चा उच्चार तिथे 'ब्रफ' करतात, बसचालकाला तसंच सांगा.) याच खाजणात १३०७ मध्ये स्कॉटलंडच्या मोहिमेवर निघालेला राजा पहिला एडवर्ड मरण पावला. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाण सगळ्यात मोठं असतं, हे कोकणातल्या माणसाला ठाऊकच आहे. भरतीचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहा आणि त्यावरून कार्लाइलहून निघायची वेळ ठरवा. पाणी चढत असेल तर वाट बघा, कारण रस्त्याची कड दिसेनाशी होते. बोनेसहून कार्लाइलला परतायला ९३ क्रमांकाची बस आहे, तिच्या फेऱ्या थोड्या. शेवटच्या फेरीची वेळ त्या दिवसाच्या वाराप्रमाणे तपासा, भरतीच्या वेळेशेजारी त्याच कागदावर लिहा आणि तो कागद वरच्या खिशात ठेवा.